सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाची वाढ: गहू बंद केल्यानंतरची दोन-तीन वर्षं

गहू बंद करून तीन महिने झाले की घरात एक प्रश्न हमखास येतो. आमच्याकडे तो सासूबाईंनी विचारला, "गाल वर आले गं पोरीचे, पण उंची कुठे वाढली?" त्यात तक्रार नव्हती, काळजी होती. पण भाकऱ्या थापून मनगट दुखत असताना असा प्रश्न जिव्हारी लागतो. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आधी वजन भरतं, मग उंची, आणि उंचीची भरपाई पूर्ण व्हायला साधारण दोन ते तीन वर्षं जातात. हा क्रम ठाऊक असला की मधल्या काळात घाबरून नको ती टॉनिकं आणि नको ते सल्ले घरात शिरत नाहीत.

ज्यांच्या मुलाला सिलिअ‍ॅकचं निदान झालंय किंवा होण्याच्या बेतात आहे, अशा आई-बाबांसाठी हे लिहिते आहे. औषधं आणि तपासण्या ठरवणं डॉक्टरांचं काम. स्वयंपाकघर, गिरणी, डबा आणि मोजपट्टी आपल्या हातात आहे, आणि वाढीचा बराचसा हिशोब तिथेच ठरतो.

वाढ अडते कुठे

सिलिअ‍ॅक ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव (म्हणजे बार्ली) आणि राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तराला मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नरस शोषण्याचं काम तीच करते. ती झडून अस्तर सपाट होतं. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि या आजारात नेमका तोच भाग आधी बिघडतो. म्हणून महिनोन्महिने लोहाचं सिरप देऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. आमच्याकडे वर्षभर तेच चाललं होतं. बाटल्या बदलत होत्या, आकडा तोच.

वाढ अडण्याची कारणं तेवढ्यावर संपत नाहीत. आतड्यात सतत सूज असली की भूक मरते. शिवाय वाढीच्या संप्रेरकाचा निरोप हाडांपर्यंत नेणारं आयजीएफ-1 हे द्रव्य रक्तात कमी पडतं. त्यामुळे काही मुलांना जुलाब नसतात, पोट फुगलेलं नसतं, आणि आजाराची एकच खूण दिसते ती म्हणजे वर्गाच्या रांगेत मूल पुढे पुढे सरकत जातं. 'पोटाची तक्रार नाही, म्हणजे सिलिअ‍ॅक नाही' हे म्हणणं चुकीचं आहे.

दिलासा देणारी गोष्टही याच बिघाडात आहे. उपाशी हाडं पिकायचीही थांबतात. डाव्या हाताचा एक्स-रे काढला तर दहा वर्षांच्या मुलाच्या हाडांचं वय आठ निघू शकतं. म्हणजे वाढीची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत. गहू सुटला की हाडं ती शिल्लक वापरू लागतात.

हा आहार सापडला तोही मुलांच्या वाढीकडे बारकाईने बघणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञामुळे. नेदरलँड्समधल्या द हेग शहरातले विलेम-कारेल डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हाबद्दल शंका होती. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. डिके यांची ही आजारी मुलं मात्र त्या काळात खालावली नाहीत आणि पुढे पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. 1950 मध्ये त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठात यावर प्रबंध सादर केला. त्याआधी काही दशकं या मुलांना केळ्यांवर ठेवत. त्यांना बरं वाटायचं ते केळ्यांच्या गुणाने नव्हे, तर पाव ताटातून गेल्यामुळे.

भारतात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत साधारण शंभरात एकाला हा आजार सापडतो, दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी. आपण महाराष्ट्रातले लोक मधोमध. आजीच्या पिढीत ज्वारी-बाजरी-नाचणी आणि भात, आपल्या पिढीत सकाळ-संध्याकाळ पोळी आणि मधल्या वेळी बिस्किट. हा बदल लक्षात घेतला तर पुढची बरीच वाट आपोआप दिसते.

पहिली पायरी: तपासण्या होईपर्यंत गहू चालू ठेवा

ऐकायला उलटं वाटेल, पण सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. कोणीतरी सांगतं, 'गहू बंद करून बघा', मूल सुधारतं, आणि मग रक्ततपासणी स्वच्छ येते. निदान पक्कं करायचं तर पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालावा लागतो. वाढीच्या वयात ते कोणालाच नको असतं.

रक्तात टीटीजी-आयजीए तपासतात, म्हणजे या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःविरुद्ध तयार करते ती प्रतिपिंडं. सोबत एकूण आयजीएही (त्या जातीची सगळी प्रतिपिंडं मिळून) बघायला हवं, कारण काही मुलांत ते मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटं 'नॉर्मल' दिसतं. त्यानंतर बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या नमुन्यात ईएमए ही दुसऱ्या प्रतिपिंडांची तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर तुकडा न घेताही निदान करता येतं. आपल्याकडे ते कधी लागू करायचं हे डॉक्टर ठरवतील. तुमचं काम एवढंच, की अहवाल हातात येईपर्यंत पोळी बंद करू नका.

त्याच वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघून घ्यायला सांगा. पुढे उंची हलली नाही तर हे सुरुवातीचे आकडे फार कामाला येतात.

दुसरी पायरी: पहिलं माप नीट घ्या

बहुतेक घरांत वजन असतं, उंची नसते. फाइलमध्ये उंचीच्या रकान्यात घाईघाईने टाकलेला आकडा असतो, कधी तर बूट घालून मोजलेला. वाढ झाली की नाही हे सांगायला दोन भरवशाची मापं लागतात. म्हणून निदानाच्या आठवड्यातच पहिलं माप घ्या.

भिंत सरळ हवी आणि तिच्या तळाशी लाकडी किंवा फरशीची पट्टी नको. मूल अनवाणी, वेण्या-अंबाडा सोडलेला. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला. नजर समोर, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात टेकवा, खूण करा, मुलाला बाजूला घ्या आणि मग धातूच्या टेपने मोजा. तीनदा मोजून मधला आकडा लिहा. वेळ ठरलेली ठेवा, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सकाळपेक्षा एखादा सेंटिमीटरही कमी भरू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. ते दवाखान्यातच करून घ्या.

उंची तीन महिन्यांनी एकदा, वजन महिन्यातून एकदा. रोज मोजलं तर तुम्हीही वैतागाल आणि मूलही.

आकडे वहीत लिहा आणि वाढीच्या तक्त्यावर टाका. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता, त्यापुढे अठरापर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा 2015 चा. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा आई-बाबांच्या उंचीवरून येणारा अंदाज बघा. दोघांची उंची मिळवा, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवा, मुलगी असेल तर 13 वजा करा, आणि निम्मे करा. बाबा 168, आई 155 असेल तर बेरीज 323. मुलीसाठी 310 चे निम्मे 155, मुलासाठी 336 चे निम्मे 168. हा नेम नव्हे, टप्पा आहे, काही सेंटिमीटर इकडेतिकडे. पण आई-बाबा दोघंही बुटके असतील तर आहाराने मूल सहा फुटी होणार नाही, हेही त्यातून कळतं.

याहून मोलाचा आकडा वेगाचा. साधारण चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. समजा, जूनमध्ये 112.4 होती आणि डिसेंबरमध्ये 116 झाली, तर सहा महिन्यांत 3.6, म्हणजे वर्षाला 7.2 चा वेग. मूल अजून वर्गात सगळ्यांत लहान दिसत असेल, तरी भरपाई चालू झाली आहे. डोळ्याला हे दिसत नाही, वहीत दिसतं.

तिसरी पायरी: गिरणी, हिंग आणि परात

पोळी, पाव, बिस्किट, शेवया, रवा, मैदा बंद करायचे हे सगळ्यांना कळतं. वाढ अडते ती बहुधा न दिसणाऱ्या गव्हाने.

थोडं गणित. बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलीग्रॅमपर्यंत ग्लुटेनने इजा होत नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. रोज 50 मिलीग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झाल्याचं प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे. 100 ग्रॅम कणकेत ढोबळमानाने 8 ते 10 ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे 10 मिलीग्रॅम ग्लुटेनला सुमारे एक दशांश ग्रॅम कणीक पुरते. चिमटीतही धरता येणार नाही इतकी.

आता गिरणीत जा. तुमच्या आधी कोणाचे तरी दहा किलो गहू दळले. जात्याच्या पाळ्यांत आणि पिठाच्या कापडी पिशवीत कणीक अडकलेली. तुमच्या एक किलो ज्वारीत त्यातली फक्त 10 ग्रॅम उतरली, तरी त्या पिठाच्या दोन-तीन भाकऱ्यांत, म्हणजे 100 ग्रॅम पिठात, 80 ते 100 मिलीग्रॅम ग्लुटेन आलं. आई ज्वारीच्या भाकऱ्या खाऊ घालतेय, पथ्य काटेकोर आहे, आणि टीटीजी खाली येत नाही. मी हे भोगलंय. गिरणीवाल्या दादांना 'आधी साफ करून घ्या' म्हटलं की ते हो म्हणायचे, फडक्याने वरवर पुसायचे आणि मी समाधानाने घरी यायचे. त्यांची चूक नाही. आतून साफ करायचं तर जातं उघडावं लागतं, आणि रांगेत आठ डबे असताना ते कोण करणार?

याला मार्ग तीन आहेत. परवडत असेल तर फक्त याच धान्यांसाठी घरघंटी, तीही नवी किंवा ज्यात गहू कधीच दळला नाही अशी. दुसरा मार्ग, ग्लुटेनमुक्त असं छापलेलं बंद पाकिटातलं पीठ. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार तसं छापायचं तर किलोमागे 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. अर्धा किलो खाल्लं तरी 10 मिलीग्रॅमच्या आत. तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याला खर्च नाही: गिरणीच टाळायची. तांदूळ-डाळ भिजवून वाटलं की आंबोळी, घावन, धिरडी, इडली, अप्पे सगळं होतं. भिजवलेली नाचणी, ज्वारीसुद्धा मिक्सरमध्ये वाटता येते. धान्य मात्र निवडून घ्या. सुट्या ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

दुसरा चोर हिंग. बाजारातला नेहमीचा हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ घातलेलं असतं आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. रोजच्या वरणाच्या फोडणीत तो पडतो. डबीमागची बारीक अक्षरं वाचा, तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो. खडा हिंग म्हणजे आपोआप निर्धोक, असंही समजू नका.

मग आपले मराठी पदार्थ. मेतकुटात परंपरेने गहू असतो. थालिपीठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. नाचणी सत्त्व म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत कधी गहू मिसळलेला. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत आणि कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा अर्क, असतो. पाकिटावर नुसतं 'माल्ट' लिहिलेलं असलं की तो बहुधा जवाचा. घरी मोड आणून केलेलं नाचणीचं पीठ मात्र चालतं. सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो, म्हणजे कोपऱ्यावरचं चायनीज गेलं. आणि एक गैरसमज आपल्याकडे फार पसरलाय: 'खपली गहू चालतो, तो जुना, पचायला हलका.' नाही चालत. खपली, लोकवन, शरबती, सगळ्यांत ग्लुटेन आहे.

भांड्यांचं थोडक्यात. चाळणी वेगळीच हवी, तिची भोकं कधी पूर्ण साफ होत नाहीत. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं. परात स्टीलची असेल तर घासून चालते, पण भाकरीची परात वेगळी असली तर डोक्याला ताप नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळू नका. सगळ्या घराने गहू सोडावा का, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत असं, की पहिले सहा महिने शक्य असेल तर कणीक घरात आणूच नका. नंतर पोळ्या करायच्याच असतील तर मुलाचं जेवण आधी करून झाकून ठेवा आणि पोळ्या शेवटी लाटा. उडणारं पीठही ताटात बसतं.

चौथी पायरी: गव्हाच्या जागी काय आलं?

गहू काढणं हे अर्धंच काम. गहू गेला की ताटातला मोठा ऐवज जातो, आणि ती जागा नुसत्या भाताने भरली तर आतडं बरं होतं पण मूल भरत नाही. कणकेत 100 ग्रॅमला 10-11 ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात साधारण 8. ज्वारी जवळपास गव्हाइतकी, बाजरी थोडी वरचढ, राजगिरा त्याहून सरस. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवासाचं ताट बघून 'हे तर तयार ग्लुटेनमुक्त जेवण' असं मलाही वाटलं होतं, आणि ते खरंही आहे: वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालतं. पण रोज साबुदाण्याची खिचडी म्हणजे वाढ नव्हे. शेंगदाण्याचा कूट मूठभर घातला तरच तिला अर्थ.

भरपाईच्या काळात मुलाला त्याच्या वयाच्या इतरांपेक्षा जास्त खावं लागतं, आणि पोट तर लहानच. म्हणून प्रत्येक घास जड करायचा. भाकरीवर लोणी किंवा तूप, वरणात एक चमचा तूप, भाजीत तीळ-शेंगदाण्याचा कूट, आमटीत मूग-मसूर घट्ट. एका चमचा तेलातुपात 45 कॅलरी असतात. दिवसात तीन चमचे वाढले की 135 झाल्या आणि मुलाला कळलंही नाही. अंडं चालत असेल तर रोज एक, त्यात 6 ग्रॅम प्रथिनं. मासे खाणाऱ्या घरांत प्रश्नच नाही, फक्त रव्यात घोळवून तळू नका, तांदळाच्या पिठात घोळवा. अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूट किंवा मऊ लाडू द्या.

हाडांसाठी नाचणी हे आपलं हक्काचं धान्य. 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम. पण ते हाडात जायला ड जीवनसत्त्व लागतं आणि या मुलांत ते बहुधा कमी असतं. त्याची मात्रा डॉक्टर ठरवतील. लोहाचंही तसंच. आतडं सुधारू लागलं की जे सिरप आधी वाया जात होतं तेच आता लागू पडतं, म्हणून 'आधी उपयोग झाला नव्हता' असं म्हणून ते नाकारू नका.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत दूध पचलं नाही तर घाबरू नका. झडलेल्या लवेबरोबर दुधातली साखर पचवणारं विकरही कमी झालेलं असतं. दही-ताक बहुधा झेपतं. अस्तर भरून आलं की दूध परत चालू करा. कित्येक घरांत दूध कायमचं सुटतं आणि कॅल्शियमही त्याबरोबर जातं.

दिवस कसा दिसेल? सकाळी दुधातलं घरच्या नाचणीचं सत्त्व आणि केळं. डब्यात मूगडाळीची धिरडी आणि दाण्याची चटणी, किंवा पोहे. जाड पोहे हे या मुलांचं वरदान आहे, फक्त ते निवडून घ्या आणि फोडणीतला हिंग लक्षात ठेवा. दुपारी ज्वारीची भाकरी-लोणी, उसळ, दही-भात. चारला राजगिऱ्याचा लाडू. रात्री मुगाची खिचडी, तूप, भाजलेला पापड (पापडखाराचा उडदाचा चालतो, पण लाटताना कणीक लावली नाही ना, हे विचारा).

भाकरी खातच नसेल तर भांडू नका. पोळीची सवय लागलेल्या मुलाला भाकरी खरखरीत लागते. तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली मऊ भाकरी आधी द्या, मग त्यात थोडी थोडी ज्वारी वाढवा. आमच्याकडे दोन महिने लागले.

बाजारातली ग्लुटेनमुक्त बिस्किटं, केक, पास्ता यांचा उपयोग वाढदिवसापुरता. त्यांत साखर आणि चरबी भरपूर, चोथा कमी. पहिल्या वर्षी वजन झपाट्याने वाढून पोट सुटलेली मुलंही दिसतात. वजन वाढणं म्हणजे वाढ, असं समजून चालणारी घरं इथे फसतात. उंचीच्या रेघेपेक्षा वजनाची रेघ फार पुढे पळू लागली तर पाकिटं कमी करा, डाळी आणि भाज्या वाढवा.

कधी काय अपेक्षित धरायचं

पहिल्या दोन-चार आठवड्यांत चिडचिड कमी होते आणि भूक लागते. कित्येक आयांना हाच पहिला आनंद असतो, मूल स्वतःहून 'अजून वाढ' म्हणतं. तीन ते सहा महिन्यांत वजन वर येतं. उंचीचा वेग पहिल्या सहा महिन्यांत हळूहळू चढतो आणि पहिल्या वर्षात सगळ्यांत जास्त असतो. लहान मुलांत तो वर्षाला 8 सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त जातो. पुढे वेग कमी होत नेहमीसारखा होतो. तेव्हा 'आता का थांबली' म्हणून घाबरू नका. मूल आपल्या मूळ रेघेवर पोहोचलेलं असतं.

टीटीजी तीन-सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. तो उतरत असला पाहिजे. सुरुवातीला फार जास्त होता तर नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. आकड्यापेक्षा उताराची दिशा बघा.

जितक्या लहान वयात निदान, तितकी भरपाई पूर्ण. वयात येण्याच्या तोंडावर किंवा नंतर कळलं तर काही उंची कायमची जाऊ शकते, विशेषतः मुलींची, कारण पाळी सुरू झाल्यावर वाढीला फार थोडा अवधी उरतो. हे कटू आहे, पण 'थोडी मोठी झाली की भरून काढेल' म्हणून तपासणी लांबवणाऱ्यांना सांगायलाच हवं.

वर्ष झालं आणि उंची हलत नाही

आधी टीटीजी बघा. तो अजून वर असेल तर उत्तर स्वयंपाकघरात आहे, गिरणीपासून पुन्हा सुरुवात करा. मुलाला रागावू नका, विचारा. मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्किट खाल्लं असेल तर ते तिने सांगायला हवं, लपवायला नको. आम्ही घरात नियम केला होता: खरं सांगितलं तर ओरडा नाही.

टीटीजी खाली आलाय, वजनही नीट आहे, तरी उंची ढिम्म, तेव्हा डॉक्टर दुसरं कारण शोधतात. थायरॉइड, कारण सिलिअ‍ॅकबरोबर तो बिघाड जास्त दिसतो. बुटक्या मुलींत टर्नर सिंड्रोमसाठी (एक्स गुणसूत्र कमी असल्याने उंची खुंटते तो जन्मजात विकार) गुणसूत्रांची तपासणी. काही थोड्या मुलांत वाढीचं संप्रेरकच कमी असतं. पण ती तपासणी गहू चालू असताना केली तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. म्हणून आधी काटेकोर पथ्याचं वर्ष, मग वाढीच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनांचा विचार.

टीटीजी आणि उंची दोन्ही ठीक आहेत, पण वजन भरत नसेल, तर मूल पुरेसं खातच नाही, असं धरून चला. तीन दिवस जे जे पोटात गेलं ते लिहून काढा आणि ती वही आहारतज्ज्ञाला दाखवा.

शाळा, सण आणि पाहुणे

शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा आणि एक छोटा डबा तिच्याकडे ठेवा: राजगिऱ्याची चिक्की, कुरमुऱ्याचे लाडू. वाढदिवसाला कोणी केक आणला की मुलीला तिच्या डब्यातलं मिळेल. बालवाडीतली खेळायची मऊ रंगीत कणीक बहुतेकदा खरोखर कणकेची असते. ती खेळली तर हात धुवायला सांगा.

गणपतीत उकडीचे मोदक म्हणजे आपला दिवस. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. घरची पूजा असेल तर तो राजगिऱ्याच्या पिठाचा किंवा वरीचा करा. बाहेर असेल तर प्रसाद म्हणून फळ मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. 'कणभर प्रसादाने काय होतंय' असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना 100 मिलीग्रॅम कणकेचं गणित सांगून उपयोग नाही. 'डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे' एवढं पुरतं. गोव्याच्या कॅथलिक घरांत पहिल्या कम्युनियनच्या आधी फादरशी बोलून ठेवा. होस्ट, म्हणजे प्रसादाची पातळ चकती, गव्हाची असते, पण अगदी कमी ग्लुटेनची होस्ट मिळते. दिवाळीत चिवडा, बेसनाचे लाडू, तांदळाच्या पिठाच्या चकल्या आधी करून डबे भरा, मग करंज्या आणि शंकरपाळ्यांना हात घाला, आणि तळणीचं तेल दुसरं घ्या.

भावंडं आणि पुढची वर्षं

मुलाच्या सख्ख्या भावंडांची आणि आई-बाबांची टीटीजी तपासणी करून घ्या. आजार कुटुंबात चालतो, आणि धाकट्याची उंची अजून अडलेली नसताना कळलं तर भरपाईची वेळच येत नाही. एकदा नॉर्मल आली म्हणजे कायमची सुटका नव्हे, पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

तेरा-चौदाव्या वर्षी दुसरं वळण येतं. मूल धडधाकट दिसतं, मित्रांबरोबर वडापाव खातं, आणि काहीच होत नाही. पोट दुखत नाही, जुलाब होत नाहीत. त्याला वाटतं बरं झालो. आत अस्तर पुन्हा सपाट होत असतं, तेही नेमकं हाडं सगळ्यांत जोमाने भरायच्या वर्षांत. या वयात आईच्या सांगण्यापेक्षा स्वतःचा आलेख जास्त पटतो. वही त्याच्या हातात द्या, मोजू त्यालाच द्या, आणि वर्षातून एकदा टीटीजीचा कागद त्यालाच वाचू द्या. आमच्या वहीत आता तिच्याच अक्षरात आकडे आहेत. मागच्या पानावर तिने हिंगाच्या चालणाऱ्या डब्यांची यादीही केली आहे.